डबल बेल आणि आबांचा पाय

आबा गेल्यापासून मला सायकलच्या घंटीचा राग येतो. गल्लीत कुणी टिंग-टिंग केलं की डोक्यात तिडीक जाते आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलवत नाही. मी शिकवते त्या शाळेतल्या बाया विचारतात, आज काय बिनसलं तुमचं? काय सांगू त्यांना, कपाळ!

आबा म्हणजे माझे वडील. धुळे-पिंपळनेर रस्त्यावर तीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली त्यांनी. आई गेली तेव्हा त्यांना कंपवात होऊन चार वर्षं झाली होती, पार्किन्सन्स म्हणतात तो. भाऊ पुण्याला, त्याच्या घरी जिने फार, म्हणून मी त्यांना जळगावला आणलं. तिथल्या मेहरूण भागात माझं दोन खोल्यांचं घर आणि मी एकटी. हाताची थरथर एक वेळ सोसली असती, पण त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. उंबऱ्याशी आले की जागच्या जागी उभे. मनानं तर ते पार खचले होते. भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि आपल्या अहिराणीत म्हणायचे, "आते मी भंगार गाडी शे." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गोळ्या चालू राहतील, पण यांना रोज चालवा. अंथरूण धरलं तर आधी मन जाईल, मग शरीर.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, टाळ्या वाजवल्या, एक-दोन, एक-दोन म्हणाल्या. आबा ढिम्म. बाई गेल्यावर मला म्हणाले, "मी काय बालवाडीतलं पोर शे का?" मी हात टेकले. मग एका सकाळी ते असेच उंबऱ्यात अडकले होते, मी मागून कावून उभी होते, आणि बाहेरून दूधवाल्यानं सायकलची घंटी वाजवली. टिंग-टिंग. आबांचा पाय उचलला. असा झोकात उचलला की मी बघतच राहिले! एकदम डोक्यात उजेड पडला. अहो, कंडक्टरनं एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. तीस वर्षं त्या पायाला दुसरं काही माहीतच नव्हतं.

त्याच दिवशी मी माझ्या जुन्या सायकलची घंटी काढली. रोज सकाळी आम्ही दोघं मेहरूणच्या तलावाकाठी. मी डबल दिली की आबा निघायचे, सिंगल दिली की थांबायचे. फिरायला येणारी माणसं चिडवायची, "आबा, अमळनेरला सोडता का?" आबा गालात हसून म्हणायचे, "ही गाडी नॉनस्टॉप शे!" भिंतीकडचं तोंड वळलं. सकाळी उठून चहा मागू लागले, पेपर मागू लागले. आवाज खोल गेला होता, तो वर आला. मला तर वाटलं, जिंकलो आपण.

पण एक गोष्ट होती, ती मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. आबांना माणसं दिसायची. सोफ्यावर, दाराशी, गाठोडी मांडीवर घेऊन बसलेली. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं, वाद घालू नका. तसे आबा त्यांना घाबरायचे नाहीत. घरातून निघताना मागे वळून विचारायचे, "बठ्ठा बसनात का? कोनी ऱ्हायनं नही ना?" मी रिकाम्या सोफ्याकडे बघून म्हणायचे, "सगळे बसले, आबा. सोडा गाडी." असं रोज म्हणता म्हणता मलाही ती माणसं घरात असल्यासारखी वाटू लागली. सोफ्यावर बसताना मी बाजूला सरकून बसायचे. हसा खुशाल.

वर्षभर असं चाललं. मग एके दिवशी तलावावर असतानाच भावाचा फोन आला. मी सिंगल दिली, आबा थांबले. त्यांना कठड्यापाशी उभं केलं आणि मी चार पावलं पुढे जाऊन बोलू लागले. मे महिन्यात पंधरा दिवस आबांना नेतो म्हणाला होता, आता नाही जमत म्हणाला. माझं टाळकंच फिरलं. आहे माझा स्वभाव तापट, काय करू! मी ओरडले, "तुला बरं आहे रे! मला वर्षभर कुठे जाता आलं नाही. आता हे सुटतील तेव्हाच मी सुटणार!"

फोन ठेवून वळले. आबा माझ्याकडेच बघत होते. मी डबल दिली. ते हलले नाहीत. पुन्हा दिली, पुन्हा दिली. पाय अडकला की त्यांची टाच थरथरायची, गुडघे वाकायचे, ते मला पाठ होतं. त्यातलं काहीच नव्हतं. ते नीट, सरळ उभे होते. कसनुसं हसून मी म्हटलं, "चला ना आबा, बसले सगळे."

"तू उतरी जाय, बेटा," आबा म्हणाले. "तुनं गाव उनं." माझं गाव आलं, असं म्हणाले ते.

रिक्षा करून घरी आलो. मी पाया पडले, रडले, रागाच्या भरात बोलून गेले, असं म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पण त्या दिवसानंतर त्यांचा पाय घंटीवर कधी उचलला नाही. पावसाळा संपता संपता गेले. लोक म्हणतात, मुलीनं सेवा केली, सोनं झालं. मी ऐकून घेते.

खरं काय ते मला माहीत आहे. "तुनं गाव उनं" असं ते म्हणाले, तेव्हा मला आधी रडू आलं नव्हतं. आधी बरं वाटलं होतं. एकच क्षण, पण अंगावरचं ओझं उतरावं तसं बरं वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर आबांनी पाहिलं.