कान झाकणाऱ्या बाई

भयपटांची परीक्षणं लिहायची म्हणून मी दर शुक्रवारी दुपारच्या खेळाला जातो. पडद्यावर सुरा उगारला गेला की लोक डोळे झाकतात आणि बोटांच्या फटीतून बघत राहतात. परवा मात्र शेजारच्या खुर्चीतल्या वयस्कर बाईंनी डोळे उघडे ठेवून कान घट्ट झाकून घेतले.

मध्यंतरात राहवलं नाही. विचारलं, "बघायची भीती नाही वाटत?"

"बघायचं काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "आमचे हे भाजले होते. पट्ट्या बदलताना मला वॉर्डाबाहेर बसवायचे. दिसायचं काहीच नाही, नुसतं ऐकू यायचं. त्यातच गेले ते."

"मग अशा सिनेमाला का येता?"

"घरी फार शांत असतं हो."

दिवे मालवले. पडद्यावर कुणीतरी किंचाळलं, थिएटर हसलं. भीती डोळ्यांतून आत शिरते, असं मी वर्षानुवर्षं लिहीत आलोय. पण डोळ्यांना निदान पापण्या असतात.

सिनेमा संपल्यावर बाहेर आलो. त्या पुढच्या खेळाच्या तिकिटासाठी रांगेत उभ्या होत्या.