तामसीच्या अंगणातलं राखेचं मुग्गू

किनवट मागे पडलं तसा डब्यातला एक पागोटेवाला म्हणाला, "बाई, आता तुमी आंध्रात आल्या." मी घाईनं खिडकीबाहेर पाहिलं. तीच काळी जमीन, तीच फुटलेली कपाशी. प्रांतरचना होऊन दोन-तीन महिनेच झाले होते. माणसांची वाटणी झाली तरी रानाला त्याची वार्ता नव्हती.

आदिलाबादहून तामसीच्या बसमध्ये एका आजोबांनी माझ्या पिशवीवरच बसकण मारली. आतल्या चकल्यांचं पीठ झालं. "नरम लागलं म्हून बसलो," म्हणाले.

तामसीला माझी शिक्षिका-प्रशिक्षणातली मैत्रीण सुमन बालवाडी चालवत होती. ती मूळची इथलीच. गरम भाकर आणि अंबाडीची भाजी वाढता वाढता तिनं सरोजाबद्दल सांगितलं. सरोजा पाच वर्षांची. वडील नव्या अमलात दूर समुद्राकडून बदलून आलेले तेलुगू कारकून. आई गेल्या वर्षी वारली. पोर बालवाडीत येई, भिंतीशी बसे आणि घरी जाईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसे.

"उद्याच्या बसनं वडील तिले आजीकडं पोचवून राह्यले," सुमन म्हणाली. "इथं रमली नाई, तं कचेरी सोडून ते तरी काय करतीन?"

"मग तू काही करत का नाहीस? गाणं, बाहुली?"

"सारं करून पाह्यलं. ती अजूनच भिंतीत शिरते."

जेवून आम्ही बालवाडीत गेलो. मुलं अंगणात भातुकलीचं घर मांडत होती. काय खेळायचं हे तीच ठरवत. सुमन ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसली आणि मूठभर कापूस माझ्याही मांडीवर टाकला. "हात रिकामे राह्यले, का लेकराइच्या कामात शिरतेत," ती म्हणाली. माझ्या वाती वातींसारख्या दिसत नव्हत्या, पण मी वळत राहिले.

मुलांनी विटा लावून घर केलं, दार ठेवलं. सरोजा भिंतीशी बसून ते दार एकटक पाहत होती. बऱ्याच वेळानं ती उठली. भांडी घासायच्या जागेवरून तिनं मूठभर राख आणली आणि दारापुढे चिमटीनं ठिपके टाकू लागली. ठिपक्यांभोवती वाकडीतिकडी रेघ फिरली. मुग्गू (रांगोळी)! दारापुढे मुग्गू नाही, ते कसलं घर? बोट न अडता फिरत होतं. मी वात वळायची विसरले.

एवढ्यात गणपत नावाचा एक मुलगा पाण्याची कळशी घेऊन धावत आला आणि त्याचा पाय थेट रेघेवर पडला. मी ताडकन उठले. सुमननं माझा पदर ओढला.

"काऊन उठून राह्यली? बस! आपुन उठलो तं ते थांबतीन."

"तोक्ककु!" (तुडवू नको!) सरोजा कमरेवर हात ठेवून कडाडली.

गणपतला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं, पण रागावलेली बाई त्याला कळत होती. तो मागे सरला. मुलांचं जरा कुजबुजणं झालं. मग त्यांनी काय केलं असेल? मुग्गू पुसलं नाही. विटा उचलल्या आणि घराचं दुसरं दार बाजूला काढलं. गणपत नव्या दारानं पाणी घेऊन आत गेला. सरोजा आणखी राख आणायला निघाली, तर दोन मुली ओंजळी धरून तिच्यामागे. मी तर थक्क झाले. मोठ्यांना दार हलवायला किती बैठका लागल्या असत्या!

फाटकाशी सरोजाचे वडील केव्हाचे उभे होते. मी पुढे गेले तर ते हलक्या आवाजात म्हणाले, "इसकी अम्मा ऐसाच डाँटती थी," आणि तोंड फिरवून चष्मा पुसू लागले. उद्याच्या बसचं विचारायचा मला धीर झाला नाही.

सकाळी मी त्याच बसमध्ये बसले खरी, पण जीव सगळा रस्त्याकडे. बस सुरू झाली तेव्हा ती बापलेक दिसली. हातात बोचकं नव्हतं. सरोजानं वडिलांचं बोट धरलं होतं आणि बसकडे न बघता ती त्यांना बालवाडीच्या दिशेनं ओढत नेत होती.

परतीच्या गाडीत कोणी तरी पुन्हा हद्द कुठे लागते ते सांगत होतं. माझं लक्ष नव्हतं. मुलांना बोट धरून नेणं हाच माझा धंदा; पण त्या सकाळी मोठा माणूस मुकाट्यानं मागे चालला होता, आणि दोघंही बरोबर मुग्गूवाल्या त्या घरी पोचणार होती.