विमानातली पुढची जागा

आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपनीत हिरोईनची जागा ठरलेली असते. स्टेजवरची नाही म्हणत मी, मेटाडोरमधली. ड्रायव्हरच्या बाजूला, काच वर करून. बाकी सगळी कंपनी मागे, पडद्यांच्या गठ्ठ्यांवर. हे काही लाड नव्हेत. आरमोरीच्या पुढच्या रस्त्यांची धूळ एकदा नरड्यात गेली की गायला आवाजच उरत नाही. मी कित्येक हंगाम त्या जागेवर बसले आणि हक्कानं बसले. माझा नवरा कंपनीचा पेटीवाला. हे मागे बसायचे, पेटी मांडीवर घेऊन. लोक चिडवायचे, "बायको साहेबीण, अन् तू सामान!" हे नुसते हसायचे. राग मला यायचा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी-शेवटी मला मुंबईहून बोलावणं आलं. मोठा नाट्यमहोत्सव, त्यात झाडीपट्टीची गाणी म्हणायची, एकटीनं. आदल्या दिवशीचा आमचा प्रयोग मोडता येत नव्हता, रेल्वेनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. म्हणून आयोजकांनी नागपूरहून विमानाचं एक साधं तिकीट पाठवलं. पेटीवाला आम्ही इथलाच देऊ, म्हणाले.

वडशाच्या ऑफिसात आमचे कंपनीचे मालक तर हरखून गेले. विमानात पुढच्या बाजूला खास वर्ग निघालाय, हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं.

"वरचे पैसे मी टाकतो, बाई. आपली हिरोईन मागं बसन का? कंपनीच्या इज्जतीचा सवाल हाये!"

"भाऊ, तिथी पुढं बसून काय भेटते?"

"रुंद खुर्ची. खायले बी चांगलं देते म्हणते."

"अन् धूळ?"

"विमानात कायची धूळ वो बाई!"

"मंग मले पुढं कायले बसवता? तेच पैसे आमच्या ह्यांच्या तिकिटात टाका. कमी पडन ते माह्या नाईटच्या पैशातून कापा."

मालकांचं तोंड उतरलं. "अवो, पेटी वाजवणारे मुंबईत गल्लोगल्ली हायेत."

माझं डोकंच फिरलं. "असतीन! माह्या गाण्यावर नाई वाजवत ते. मी परक्या पेटीवर गात नाई, जा! दुसरी पाठवा."

दुसरी होती कुठे त्यांच्याकडे? गुमान दुसरं तिकीट काढलं.

वरून मी तोरा दाखवत होते, पण आतून धाकधूक होतीच. तिकडे आमच्या बोलीची खिल्ली उडवतात, हे ऐकून होते. सूर चुकला असता तर हसू माझ्या एकटीचं झालं नसतं, आमच्या सगळ्या मुलखाचं झालं असतं. त्यात हंगामाचा शेवट, रोजचे प्रयोग, गळा बसत चाललेला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही.

विमानात आम्ही पार शेपटाकडे, शेजारी-शेजारी. इतक्या वर्षांच्या संसारात कामाच्या प्रवासाला असे बाजूबाजूला कधी बसलोच नव्हतो. पेटी सामानात गेलेली, त्यामुळे ह्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मी खिडकीला डोकं टेकून गाणी मनातल्या मनात घोळवत होते. निदान मला तसं वाटत होतं. विमान उतरायला लागलं, दोघांच्याही कानाला दडे बसले, आणि हे बहिऱ्यासारखे ओरडले, "अवं, तू गाडीत रोज अशीच गुणगुणते का?"

"हळू बोला नं!"

"म्हणजे ड्रायव्हरले माहीत, अन् मले नाई!"

पुढचे लोक माना वळवून पाहायला लागले. मी शरमेनं मेले, आणि हसूही आवरेना.

संध्याकाळी स्टेजवर उभी राहिले तरी माझे कान पुरते मोकळे झाले नव्हते. समोर गच्च भरलेलं थिएटर. माझी पट्टी काळी पाच. कंपनीतलं पोरगंही ते सांगेल. ह्यांनी सूर धरला तो काळी चारचा, एक पट्टी खालचा. मी चमकून पाहिलं, तर हे खाली मान घालून शांतपणे भाता हलवताहेत. तेव्हा उमगलं. विमानात गुणगुणताना माझा आवाज वर जाताना कुठे अडकत होता, ते ह्यांनी बरोबर ऐकलं होतं. मी न बोललेलं ह्यांना कळलं होतं.

मग मी गायले, बापा! आपल्या तोंडानं सांगते, कारण ते खरं आहे. वरच्या सुरावर आवाज असा मोकळा लागला की माझंच मला नवल वाटलं. मले-तुलेची आमची बोली, पण एकही माणूस हसला नाही. वन्समोर आला, तोही दोनदा. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला, आणि ह्यांचा त्याहून जास्त.

परत आल्यावर मालक वडशात सांगत सुटले, "आमची बाई विमानानं गेली होती!" एक दिवस त्यांच्या ऑफिसात बसलेल्या पाहुण्यानं मला विचारलं, "मंग, पुढं बसल्या होत्या का मागं?" मालक कावरेबावरे झाले.

"माह्या नवऱ्याच्या बाजूले," मी म्हटलं. "त्याच्याहून वरचा वर्ग निघाला असन, तं सांगा."