तारमामांचं उड्डाण

पडदा बंद. पलीकडे खुर्च्या करकरतायत, प्रेक्षक स्थिरावतायत. अलीकडे कापडी ढगांखाली, हाफ पँट घातलेला एक लंगडा, ढेरपोट्या गृहस्थ शिडीवर चढून जाड तारेवरून कापसाचा बोळा फिरवतोय. हेच आमचे तारमामा!

जिथे तार, तिथे मामा. दिव्यांच्या तारा त्यांनीच ओढलेल्या, राजाचा मुकुट त्यांनीच तारेवर उभा केलेला. घरी दाराची कडी तारेची, चष्म्याची काडीही तारेने आवळलेली. बायको म्हणायची, "लग्न माझ्याशी लागलं, संसार मात्र तारेशी!"

पाय घालवला तोही तारेनेच. तरुणपणी मामा स्वतः रंगमंचावर उडायचे. एकदा तार तुटली, मामा आपटले, पुन्हा उडणं नाही. तेव्हापासून नेम एकच. दुसऱ्याला टांगायचं, तर आधी आपण लटकायचं.

आणि आज परी होऊन उडणार होती त्यांची धाकटी लेक.

बोळा सरकत आला आणि मध्येच अडला. कापसाचा तंतू तारेला धरून बसला. मामांनी चष्मा तारेला भिडवला. पिळातली एक बारीक तार तुटली होती.

"तार बदलायची!"

"मामा, दुसरी घंटा झालीय," मॅनेजर रडकुंडीला आले. "एक केस गळला म्हणून टक्कल पडतं का?"

"तुमचं तसंच पडलं. एकेक करून."

पंख लावून उभी असलेली धाकटी खुदकन हसली. मामांनी नवं वेटोळं सोडलं. काय ते हात, जणू पुन्हा पंचविशीतले! कप्पीतून तार गेली, टोकं आवळली, बोळा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर फिरला. मग मामांनी पट्टा स्वतःच्या ढेरीला बांधला.

"बाबा, वेळ नाहीये!"

"तुझ्यासाठी नाही? ओढा रे!"

विंगेतल्या दोघा गड्यांनी जोर लावला. मामा वर गेले. इकडे घायकुतीला आलेल्या मॅनेजरांनी तिसरी घंटा ठोकली, आणि पडदेवाल्याचा हात सवयीने चालला.

पडदा उघडला!

निळ्या आभाळात, ढगांच्या ऐन मध्यावर, हातात पक्कड धरून तारमामा गरागरा फिरत होते. मग जो हशा उसळला! मामा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हवेतच वाकून मुजरा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "परी मागून येतेय! मी तिचा बाप, रस्ता बघायला आलोय!"

शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

पुढे परी उडाली, तेव्हा मामा विंगेत कप्पीखाली मान वर करून उभे होते. तिचे पाय पुन्हा फळीला टेकेपर्यंत त्यांनी पापणी लववली नाही. शेवटचा पडदा पडताच धाकटी पंखांसकट त्यांच्या गळ्यात पडली.

"बाबा, कशी उडले मी?"

मामांनी डोळे पुसले, तारेने बांधलेला चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

"काय माहीत बाई, मी तारेकडे बघत होतो. पण टाळ्या मलाच जास्त पडल्या!"