कोबीच्या पिंपातला दगड

शेफिकाच्या स्वप्नात नदी उलटी वाहायची. तळाचे दगड एकेक करून वर यायचे, ओलेते तसेच टेकडी चढायचे आणि मशीद पुन्हा उभी राहायची. जाग आली की खिडकीबाहेर नुसतं धुकं असायचं.

चारशे वर्षांपूर्वी कुणा उस्मानी बेगानं बांधलेली ती मशीद लढाईत शत्रूनं सुरुंग लावून उडवली आणि तिचे दगड द्रिना नदीत लोटून दिले. त्यातला फूल कोरलेला एक दगड शेफिकाचा नवरा हिल्मिया पहाटे खांद्यावरून घरी घेऊन आला. नीट जप म्हणाला आणि आणखी काही हाती लागतंय का बघायला परत नदीकडे वळला. तो गेला तो गेलाच. माती द्यायला देहसुद्धा मिळाला नाही.

दगड लपवायचा कुठं? तिनं तो कोबीच्या पिंपात घातला. हिवाळ्याचा कोबी आंबवायला वरून दडपण लागतंच, त्यात कोण कशाला डोकावतंय! लढाई संपली, झडत्या थांबल्या, दगड पिंपातच राहिला. दर शुक्रवारी ती त्याच्यापाशी बसून हिल्मियासाठी फातिहा, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायची. कबरच नाही म्हटल्यावर बिचारी दुसरीकडे बसणार तरी कुठं?

मशीद पुन्हा बांधायला घेतली तेव्हा लोकांनी परसातले, गाळातले दगड आणून दिले. शेफिका मूग गिळून बसली. मेहराबीच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, कमानीचा माथा तेवढा रिकामा राहिला; तिथला फुलाचा दगड काही सापडेना. मग एकदा थंडीत गवंडी मुनिब कॉफीला आला. त्याला कोबी द्यायला म्हणून तिनं सवयीनं दगड उचलला आणि फूल वर आलं. आता जीभ चावून काय उपयोग?

"काकू, आम्ही अख्खी नदी चाळली," मुनिब म्हणाला, "आणि तुम्ही मेहराबीखाली कोबी मुरवताय?"

तिनं हिल्मियाचं सगळं सांगितलं. मुनिबची थट्टा तिथंच विरली. राहू द्या, तो हळूच म्हणाला, मी तसाच नवा घडवतो, कुणाला कळायचं नाही.

शेफिका दगडावरून हात फिरवत राहिली. जीव तुटत होता तिचा.

"घेऊन जा," ती शेवटी म्हणाली. "तो काय माझ्या कोबीसाठी नदीवर गेला होता?"

घासून घासून धुतला तरी दगडाचा आंबूस वास काही गेला नाही. तसाच तो माथ्यावर बसला. पहिल्या शुक्रवारी इमामानं हिल्मियाचं नाव घेतलं आणि फातिहा म्हणायला सांगितलं. मागं बायकांमध्ये बसलेल्या शेफिकानंही ती म्हटली, नेहमीसारखीच पुटपुटत. इतकी वर्षं तिच्या फातिहाला आमीन म्हणायलाही कुणी नव्हतं. आज साऱ्या मशिदीनं म्हटलं, आणि तिला रडू फुटलं.