एक टक्याची नोट आणि टाचणी

माझ्या हातातली टाचणी नोटेच्या कोपऱ्याला टेकली. समोरचे गृहस्थ "नको!" म्हणून ओरडले, खुर्चीवरून घसरले आणि डोळे मिटून फरशीवर पडले. त्यांच्या ओरडण्याने हात हलला आणि टाचणी माझ्याच अंगठ्यात गेली. चौकशीत माणूस मेला तर पुढे काय काय होतं ते मला ठाऊक होतं. म्हणून तो प्रसंग अजून मिनिटामिनिटाने सांगता येतो.

मी सातवी पास. त्या काळी तेवढ्यावर पोलिसात घेत. पस्तीस वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. ही गोष्ट निवृत्तीच्या आदल्या वर्षीची, डोंबिवलीतली. नावं सांगणार नाही.

सकाळी फोन आला. बाईचा आवाज. "कोपरला एका घरात बांगलादेशी नोटा आहेत. कपाट भरून." पत्ता नीट सांगितला आणि म्हणाली, "लवकर या. दुपारी ते झोपतात." नाव विचारलं तर फोन ठेवला.

स्टेशन डायरीला नोंद केली. साहेब नवे होते, त्यांना मोठी केस हवी होती. एक शिपाई आणि पंच म्हणून नाक्यावरचा चहावाला घेऊन मी गेले. दार उघडलं सत्तरीच्या गृहस्थांनी. कपाटात एक साडी नाही, एक शर्ट नाही, नुसते नोटांचे अल्बम. त्यांवर पांढरे हातमोजे.

शिपाई माझ्या कानाला लागला. "मॅडम, ठसे उमटू नयेत म्हणून. पक्का मुरलेला आहे."

गृहस्थ म्हणत होते, "हातमोजे घाला हो, हातमोजे घाला!" शिपायाचा संशय आणखी वाढला.

निघताना त्यांच्या बायकोने माझ्या हातात पिशवी दिली. टॉवेल, चिवड्याचा डबा, बीपीच्या गोळ्या. "रात्रीची गोळी जेवणानंतर," ती म्हणाली. त्यांना न्यायचं आहे हे आम्ही अजून बोललोही नव्हतो. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही.

ठाण्यात साहेबांसमोर चौकशी सुरू केली.

"बांगलादेशात कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही हो. गेल्या दोन वर्षांत मी बदलापूरच्या पुढे गेलेलो नाही."

"मग ही नोट?"

"एक टका. म्हणजे तिकडचा रुपया. तेव्हा तो देश नुकता स्वतंत्र झालेला, तिकडे छापायची सोय नव्हती. ही नाशिकला छापलीय."

साहेब उठून उभे राहिले. "छापखाना नाशिकला! लिहा, कबूल झाला."

"अहो, सरकारी छापखाना!"

"सरकारी माणसंही सामील आहेत. तेही लिहा."

मी लिहिलं. नोट खरी की खोटी ते तपासायला पाठवायची होती, म्हणून पत्राला जोडायला टाचणी घेतली. पुढचं वर सांगितलंच आहे.

जप्तीच्या लेबलांवर सह्या करायला चहावाला तिथेच बसला होता. त्याने गृहस्थांच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "मॅडम, यो कसला बांगलादेशी! यो आमच्या बँकेन होता. सही जुलत नाय म्हनून माजी स्लिप तीनदा परत केलेली."

"मग घरी का नाही बोललास?"

"मना कोन इचारलं? आनि तीनदा परत केलेली."

गृहस्थांनी डोळे उघडले. "भोक पडलं का?"

"पडलं. माझ्या अंगठ्याला."

"नोटेला?"

"नाही."

"मग ठीक," म्हणाले आणि उठून बसले. "मॅडम, बँकेत आम्ही गड्डीच्या गड्डी टोचायचो. सगळीकडे तेच, बांगलादेशातही. या नोटा बिनभोकाच्या मिळत नाहीत. ही शोधायला मला अकरा वर्षं लागली."

नोटांच्या गुन्ह्यातली माणसं मी पुष्कळ पाहिली. ती शिक्षेला घाबरतात, वकिलाच्या फीला घाबरतात. भोकाला घाबरणारा एकही पाहिला नव्हता. मी साहेबांना म्हटलं, "हा गुन्हेगार नाही, छंदिष्ट आहे." साहेबांनी वर फोन करून विचारलं. जुन्या नोटा जमवणं गुन्हा नाही, असं उत्तर आलं. साहेबांनी अल्बम परत करायला सांगितले.

अल्बम परत द्यायला मीच गेले, हातमोजे घालून. ते अल्बम लावत बसले आणि मी स्वयंपाकघरात शिरले.

"फोन तुम्ही केलात."

ती कणीक मळत होती. थांबली नाही. "माझ्या साड्या चाळीस वर्षं पलंगाखाली आहेत. वाटलं, तुम्ही नोटा न्याल आणि ह्यांना दुसऱ्या दिवशी परत पाठवाल."

"बाई, मुद्देमाल जातो तिकडे माणूसही जातो. आणि खोटी खबर देणं गुन्हा आहे."

"खोटी कुठे? नोटा आहेतच की. कपाट भरून."

बाहेर येऊन गृहस्थांना दम दिला, की अर्धं कपाट रिकामं करा, नाहीतर पुढच्या वेळी टाचणी मारूनच जाईन. फोन कोणाचा ते मी सांगितलं नाही. कागदावर 'निनावी' असंच राहिलं.

खबर खरी की खोटी हे आम्ही तपासत होतो. ती देणाऱ्याला घरात काय कमी आहे, हे विचारायला मी तेव्हा शिकले. नोकरीचं एक वर्ष उरलं होतं, म्हणजे उशीरच झाला.

ते दोघं अजून कोपरलाच राहतात. अर्ध्या कपाटात आता साड्या आहेत. नोट तशीच आहे, बिनभोकाची. माझा अंगठा दोन दिवसांत बरा झाला.