खालून येणारं पाणी

जत्रेत खेळणी विकायला फिरताना राहता यावं म्हणून ह्यांनी ट्रॅक्टरमागे ओढायची पत्र्याची खोली बनवली. आत चाकावर जो उंचवटा येतो, त्यावर सासूबाई निजतात. मागच्या पावसात त्यांचं अंथरूण भिजलं आणि खोकला जडला. पुन्हा भिजल्या तर त्यांना नणंदेकडे ठेवावं लागेल. त्यांना ते नको आहे.

आज हे छपराला डांबर लावत होते. "तिसरा हात देतोय. आता थेंब येणार नाही."

मी सहसा बोलत नाही. पण म्हटलं, "पाणी वरून येतच नाही. चाक उडवतं."

"अगंबाई, हिला तोंड आहे!" सासूबाई म्हणाल्या.

मी खोलीखाली शिरले. सारवताना फिरवते तसा तळहात चाकावरच्या पत्र्यावर फिरवला, तर सांध्यात बोट गेलं. तिथं डांबरात भिजवलेलं गोणपाट दाबून भरलं. पडल्या पडल्या वाटलं, माणूस आभाळाला भितो आणि वर बघत राहतो. फिरत्या घराला भिजवते ती त्याची वाटच.

डांबर वाळल्यावर ह्यांनी चाकावर खालून बादलीभर पाणी मारलं. आत सासूबाई उंचवट्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"कोरडं आहे गं," त्या म्हणाल्या. मग त्यांना खोकला आला. मी आत जाऊन तो थांबेपर्यंत त्यांची पाठ चोळत राहिले.